बरणीतलं शून्य

९ फेब्रुवारी, रविवार

दूध करपलं. मी ओट्याशीच उभी होते, पातेल्यापासून हातभर अंतरावर! सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "अगं, उभ्या उभ्या झोपलीस का? घरभर वास सुटलाय!"

मला वास आलाच नाही. धूर दिसला तेव्हा कळलं.

सर्दी गेली, ताप गेला, खोकला गेला. नाक मोकळं आहे, श्वास नीट येतो. मग हे काय? पातेलं घासताना तोंड पार आत घातलं. काळंकुट्ट जळकं पातेलं, आणि वास नाही म्हणजे नाही.

उद्या रजा संपते. उद्यापर्यंत येईल.

१० फेब्रुवारी

आला नाही. आणि नेमके आजच पाहुणे! दूधपावडरवाले. तान्ह्या मुलांच्या पावडरीची पिशवी आता आमच्या लॅमिनेटची होणार, ऑर्डर वर्षभराची. साहेब त्यांना लॅब दाखवत होते. आमचे क्वालिटीचे साहेब माणूस वाईट नाहीत, पण पाहुणे दिसले की आवाज दोन पट्ट्या चढतो.

"बाहेर छपाईची फिल्म, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, आत पॉलिथिन. तिघांना धरून ठेवतो तो गोंद. गोंद पातळ करायला सॉल्व्हंट घालावा लागतो, आणि तो मशीनच्या ड्रायरमध्ये उडून जायलाच हवा. मागे राहिला तर पावडरीत उतरणार! म्हणून आम्ही लॅमिनेटचा तुकडा बरणीत बंद करतो, बरणी गरम करतो आणि आमची माणसं वास घेतात. शून्य म्हणजे काही नाही. तीन म्हणजे माल अडवायचा, चार म्हणजे भंगारात." मग माझ्याकडे हात करून — "आणि हे आमचं नाक! यंत्र चुकेल, ताई चुकायच्या नाहीत."

सॉल्व्हंट मोजायचं ते यंत्र कधीचं दुरुस्तीला गेलंय, ते मात्र पाहुण्यांना सांगितलं नाही.

मग मला बरणी हुंगून दाखवायला लावली. मी झाकण उघडलं, डोळे मिटले, हुंगलं, चेहरा गंभीर केला. "शून्य," म्हटलं. टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. त्या बरणीत काय होतं ते देव जाणे.

११ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जाऊन आले. टॉर्च मारून नाकात डोकावले. "येईल." कधी? "काहींना लवकर येतो. काहींना वेळ लागतो." आणि काहींना? ते औषधाचं नाव लिहीत बसले.

नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंना नाही — त्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. नवरा म्हणाला, "कारखान्यात सांगून टाक ना." सांगून टाक! जसं काही चप्पल तुटली हेच सांगायचंय. नाक गेलं की मी लॅबमधून थेट कटिंगला. दिवसभर रोल चिरायचे आणि कडांची भेंडोळी उचलायची. तिथूनच वर आले मी. अठरा वर्षं झाली. आता परत तिथे जायचं, आणि तेही कोणी ढकललेलं नसताना?

थोडे दिवस. तेवढ्यात येईलच.

१३ फेब्रुवारी

वास घ्यायला आम्ही तिघं बसतो. मी, काका आणि चिमणी.

काका लॅबमधले सगळ्यात जुने. निवृत्तीला आलेत, शांत माणूस. हळू हुंगतात, हळू लिहितात, नेहमी माझ्यानंतर. चिमणी नवी. शिकून आलेली, हुशार, पण आवाज इतका बारीक की साहेब दरवेळी "काय?" म्हणतात. नाव तिथूनच पडलं.

एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम. पूर्वी मध्ये फळ्या होत्या. रंगवायला म्हणून काढल्या त्या परत काही आल्या नाहीत. आता एकाच टेबलाशी तिघं शेजारी शेजारी.

दोन बरण्यांच्या मध्ये नाक धुवायचं — म्हणजे आपल्याच बाहीचा, कोपराजवळ, वास घ्यायचा. आपल्या अंगाच्या वासाने नाक पुन्हा कोरं होतं. आज मी डोळ्याच्या कोपऱ्यातून काकांकडे पाहिलं. पहिल्या बरणीनंतर बाही नुसती नाकाला लावली आणि काढली. तिसरीनंतर मात्र बराच वेळ नाक खुपसून बसले. म्हणजे तिसरीत वास आहे!

मी पहिलीला शून्य दिलं, तिसरीला दोन. काकांनीही तेच. चिमणीनेही पहिलीला शून्य, तिसरीला एक.

सुटले! लाज वाटली पाहिजे हे कळतं. वाटली पण. पण आधी सुटल्यासारखंच वाटलं.

१५ फेब्रुवारी

काकांची बाही. दुसरं काही बघत नाही मी आता. घरी भाजी चिरताना डोळ्यांपुढे तीच, निळ्या चौकड्यांची.

१६ फेब्रुवारी, रविवार

कपाटाच्या तळातून अत्तराची बाटली काढली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने आणलेली. मी नाकाच्या कामाला लागले आणि बाटली तशीच राहिली. अत्तर नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही, कामाच्या दिवशी कच्चा कांदासुद्धा नाही! नवरा म्हणायचा, ननसारखी राहतेस.

आज बूच काढून मनगटावर ओतली. नुसता थंडावा. दुसऱ्या मनगटावर. मानेवर. काही नाही!

नवरा दारात येऊन उभा राहिला. आधी हसला, "आज कुणाकडे चाललीस?" मग माझा चेहरा बघितला. जवळ येऊन बसला. "कसा आहे वास?" मी विचारलं. त्याने मनगट नाकाशी नेलं. मग म्हणाला, "छान आहे गं. खूप छान आहे."

रडले. लिहिताना परत रडू येतंय. त्या बाटलीसाठी नाही, पण त्या बाटलीसाठीपण.

१७ फेब्रुवारी

दोनदा अंघोळ केली होती. दोनदा! तरी लॅबमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या चिमणी — "ताई, तुम्ही अत्तर लावलंय?"

"पाहुणीने मिठी मारली वाटेत," म्हटलं. कुठली पाहुणी, कुठली वाट! पोरगी "बरं" म्हणाली आणि खुर्ची जरा लांब सरकवून बसली.

काका दिवसभर माझ्या शेजारी होते, अगदी कोपराला कोपर लावून. एक शब्द बोलले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस. नियम मोडलेला कळला असणारच, पण बाईमाणसाला कशाला बोलायचं म्हणून गिळून टाकलं असेल. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

१८ फेब्रुवारी

साहेब खूश! "ताई आणि काका, तुमचे आकडे बघा. तंतोतंत जुळतात. चिमणीचे जरा इकडेतिकडे होतात. शीक यांच्याकडून."

चिमणीने मान हलवली. काकाही हलवत होते आणि मीही.

२० फेब्रुवारी

आज दूधपावडरचा पहिला लॉट तपासला.

चार बरण्या. काकांची बाही चारही वेळा आखूड — लावली, काढली. मी चार शून्यं दिली. काकांनीही. साहेब कागद घ्यायला दारात उभे, घाई, रोल गरम खोलीत न्यायला माणसं थांबलेली. आणि चिमणी लिहीना. दुसरी बरणी परत उघडली, परत हुंगली.

"मला येतोय," ती म्हणाली. "थोडा गोड, रंगासारखा. तीन तरी."

साहेबांचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं त्यांनी. सगळे माझ्याकडेच बघतात. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "सर्दी झालीय का तुला? रोज तुझंच काहीतरी वेगळं! नाकाने कांदे सोलायचे दिवस आहेत का हे? आम्ही दोघं काय उगाच बसलोय इथे?"

किती जोरात बोलले! पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिने परत हुंगलंच नाही. तीन खोडलं, शून्य केलं. साहेब कागद घेऊन गेले.

मी तिच्यावर का चिडले ते मला नीट माहीत आहे. ती खरंच हुंगत होती म्हणून.

पण काकांनीही शून्यच दिलंय. काकांनी. हे धरून बसते.

२१ फेब्रुवारी

झोपेचं खोबरं. सकाळी डबा न घेताच निघाले.

मधल्या सुट्टीत लॅमिनेशनच्या मशीनपाशी गेले. ऑपरेटर ओळखीचा, बडबड्या. "काय ताई, नाक घेऊन इकडे कुठे?" मी सहज विचारल्यासारखं केलं, पावडरचा लॉट कसा गेला? "गेला म्हणजे काय, धावत गेला! साहेबांनी वेग वाढवायला सांगितला. तारीख गाठायची होती ना."

"आणि ड्रायर?"

"ड्रायर तेवढाच. तो काय वाढतोय?"

वेग वाढला म्हणजे फिल्म गरम हवेतून लवकर बाहेर पडली. गोंदातला सॉल्व्हंट उडायच्या आत वरून दुसरी फिल्म येऊन चिकटली. झालं, कोंडला!

रोलच्या शेवटाचा तुकडा त्याच्या कचऱ्यात पडला होता. कोपरा नखाने उकलला. नाक गेलं तरी बोटं आहेत मला. अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिथिन अलगद सुटली आणि मध्ये गोंदाच्या तारा आल्या, मधासारख्या. ऑपरेटर म्हणाला, "ताजा आहे हो. गरम खोलीत राहिला की पक्का होतो." गोंद पक्का होतो, मान्य. पण कोंडलेला सॉल्व्हंट कुठून जाणार? एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम, त्यातून काही जात नाही. उरली आतली पॉलिथिनची बाजू. म्हणजे पावडरची बाजू!

तुकडा हुंगला. दहा वेळा हुंगला. ऑपरेटर टक लावून बघत होता, मी काय म्हणते म्हणून. "ठीक आहे," म्हटलं.

जीभ झडत कशी नाही माझी!

२२ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. गोंदाच्या तारा येतायत म्हटलं, वेग जास्त होता म्हटलं.

"वास आहे का, ताई?"

मी परत तारांवरच आले.

"तुम्हीच शून्य दिलंय. काकांनी दिलंय, चिमणीने दिलंय. तीन शून्यं! मग तारा येवोत नाहीतर दोऱ्या. तुमच्या मनात काय आहे?"

माझंच शून्य माझ्या तोंडावर मारलं. "पुन्हा एकदा वास घेऊ या," एवढंच म्हणता आलं. सोमवारी घ्या म्हणाले. कपाळाला हात लावून म्हणाले, पण म्हणाले.

२४ फेब्रुवारी

पुन्हा घेतला. त्याच लॉटचे नवे तुकडे, नव्या बरण्या. फळ्या लावा म्हणाले मी, तर त्या कुठे आहेत तेच कुणाला माहीत नाही.

काकांकडे असं बघत होते की मान अवघडली. बाही लावली, काढली. चारही वेळा आखूड. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

चिमणीने बरणी उघडली. हुंगली. कपाळावर एक बारीक आठी आली, मी पाहिली ती. मग तिने माझ्याकडे बघितलं. काकांकडे नाही, माझ्याकडे! मग लिहिलं शून्य.

तिला विचारायला हवं होतं. सरळ, बाजूला घेऊन. तोंड उघडलं आणि "चहा घेतलास का?" असं विचारलं.

भीती वाटते. कटिंगची नाही आता, ती मागे पडली. पावडरची पिशवी डोळ्यांपुढे येते, आणि पिशवीवरचं ते हसणारं बाळ.

२५ फेब्रुवारी

सासूबाईंना कळलं! मी भाजीत दोनदा हिंग घातला म्हणे. हातातली पळी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "कधीपासून?" मी सांगितलं. वाटलं, आता सुरू होणार.

"आणि कारखान्यात तसाच वास घेतेस?"

"हो."

"कशाचा?"

"बाळांच्या दुधाच्या पिशवीचा."

त्या पुढे काही बोलल्याच नाहीत. एरवी शब्दाला शब्द लावतात, आज एक नाही. त्यांचं ते गप्प बसणं जेवणाच्या ताटावर येऊन बसलं. नवऱ्याने वरणाची वाटी पुढे केली, मी नको म्हटलं.

उद्या सांगणार. काय व्हायचं ते होवो.

२६ फेब्रुवारी

सांगितलं.

साहेबांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं. आजारपणानंतर नाकाला काही कळत नाही. पाहुण्यांपुढची बरणीही मी हुंगलीच नाही म्हणा. तेव्हापासूनचे माझे सगळे आकडे खोटे. काकांकडे बघून लिहिलेले.

वाटलं, खुर्ची फेकतील. ते पेन उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?"

"तो लॉट थांबवा," मी म्हटलं.

"का थांबवू? तुमचं शून्य धरत नाही मी. काढून टाकलं. काका उरले, चिमणी उरली. दोघांनी दोनदा तपासलंय. दोन नाकं पुरे असतात, ताई, नियमच आहे तसा."

खरं आहे. नियम तसाच आहे. आणि काका चुकायचे नाहीत. मी चिमणीचं सांगणार होते, तीनचं शून्य कसं झालं ते. ओठांवर आलं होतं. मग वाटलं, काकांना नाही आला म्हणजे नसेलच. पोरीला नवेपणात भास झाला असेल. गिळलं.

उद्यापासून कटिंगला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, तेही हळू आवाजात, पाहुणे नसताना. "नाक परत आलं की बघू."

२७ फेब्रुवारी

कटिंग. पाती, भेंडोळी, कानाला दडे. दोन बायका ओळखीच्या निघाल्या. "उतरलीस गं नाकावरून?" म्हणाल्या. हसले मी पण. पाठीचे तुकडे पडलेत, पण छातीवरचा धोंडा उतरला. किती दिवसांनी कुणाच्या बाहीकडे बघायचं नव्हतं!

२८ फेब्रुवारी

पावडरचे रोल आज आमच्याच पात्याखालून गेले. बाळाचं हसू चिरत चिरत, पट्टीमागून पट्टी. संध्याकाळी ट्रक गेटमधून बाहेर पडला. सोमवारी त्यांच्याकडे पिशव्या भरायला सुरुवात होणार असं ऑपरेटर सांगत होता.

मी बघत उभी राहिले. काकांचं शून्य आहे त्यावर, असं मनाला सांगितलं. दोनदा सांगितलं.

१ मार्च

जेवले. झोपले. सासूबाईंनी स्वतःहून डोक्याला तेल लावून दिलं, वासाचं! म्हणाल्या, "आता कोण अडवतंय?"

नवरा म्हणतो, नाक गेलं तर गेलं, तू आहेस ना. बरा आहे माझा नवरा. लिहून ठेवते, तोंडावर कधी म्हणायची नाही.

२ मार्च, रविवार

सकाळीच काका दारात. कधी घरी न येणारा माणूस! आत या म्हटलं तर येईनात. चेहरा पांढराफटक.

"तू साहेबांना का सांगितलंस?" म्हणाले. "आता मी कोणाकडे बघून लिहू?"

मला आधी कळलंच नाही.

"दोन वर्षं झाली. माझ्या त्या मोठ्या आजारपणापासून कसलाच वास येत नाही मला. तुझी पेन्सिल बघायचो. तू होतीस म्हणून निर्धास्त होतो गं."

"आणि बाही? कधी इतका वेळ हुंगत बसायचात ती?"

"काही येतंय का, ते बघायचो. अलीकडे तेही सोडलं होतं."

म्हणजे मी अत्तर लावून गेले त्या दिवशी यांना वासच आला नव्हता!

काकांना पायरीवर तसंच बसवलं आणि चिमणीला फोन लावला. "वीस तारखेची दुसरी बरणी. काय होतं तिच्यात?"

ती घाबरली. "तुम्ही शून्य दिलं होतंत ना, ताई?"

"माझं सोड. तुला काय आला होता, ते सांग. आणि चपला घाल, आपल्याला साहेबांच्या घरी जायचंय."